झिंक ऑक्साइड: कॉस्टिक थेंबथेंब सोडायचं की एकदम ओतायचं?

खानापूरची_केमिस्ट:

नमस्कार. मी बेळगावात एमएस्सी करायलेय, शेवटचं सेमिस्टर. प्रोजेक्टला झिंक ऑक्साइडचे नॅनोकण घेतलेत. कृती सगळ्यांची असते तीच: झिंक ॲसिटेटचं पाण्यातलं द्रावण ६० अंशांवर, खाली मॅग्नेटिक स्टरर, वर ब्युरेटमध्ये (खाली तोटी असलेली काचेची नळी) कॉस्टिक सोड्याचं द्रावण. तासभर थेंबथेंब. आमचे लॅब अटेंडर शेजारून जाताना दर वेळी म्हणतात, "निधानक्के हाकु, निधानक्के" (हळू घाल, हळू). सरांचंही तेच म्हणणं.

आता बघा की. माझ्या पावडरीचा आकार एक्सआरडीवरून (एक्स-रे टाकून मिळणाऱ्या पीकच्या रुंदीवरून; पीक रुंद तेवढा आकार लहान) ३५ नॅनोमीटरच्या आसपास आला. एसईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) फोटोत कुठे बारीक दाणे, कुठे काड्या, कुठे काड्यांचे झुबके. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं तेवढंच झिंक आणि तेवढंच कॉस्टिक घेतलं आणि मुद्दाम एका दमात ओतलं. तिचे पीक रुंद, आकार १४-१५ नॅनोमीटर, फोटोत सगळे दाणे एकसारखे, फक्त एकमेकांना चिकटलेले. मग "हळू केलं की चांगलं" हे नॅनोत उलटं आहे का?

लामेरचा आलेख, म्हणजे सुपरसॅच्युरेशन (द्रावणात मावतं त्याच्या किती पट विरघळलेलं आहे) वेळेबरोबर कसं चढतं-उतरतं त्याचा, मला पाठ आहे, परीक्षेत काढूनही आलेय. पण शेवटी दोघींनी माल तेवढाच घातला. मग दोघींचं सुपरसॅच्युरेशन वेगळं कसं? आणि एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) हे विचारणार म्हणजे विचारणारच: "तुझं सुपरसॅच्युरेशन किती होतं, आकडा सांग." तो काढायचा कसा?

शाहूपुरी_नॅनो:

एकदम ओतलं की सुपरसॅच्युरेशन जास्त, न्यूक्लिएशन (नव्या कणांचा जन्म) जास्त, कण लहान. लामेर आणि डायनेगरचा १९५० चा पेपर काढून वाचा, गंधकाच्या सोलवरचा (द्रवात तरंगणारे बारीक कण). त्यात सगळं आहे.

आणि एक्सआरडीवरून आकार काढायच्या शेररच्या सूत्रानं मिळतो तो स्फटिकाचा आकार, कणाचा नव्हे. मैत्रिणीच्या एकेका चिकटलेल्या गोळ्यात शंभर स्फटिक असले तरी शेरर १५ च सांगणार. टीईएम (आरपार बघणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) करा.

पॅनवाले_काका:

बाळ, मी नॅनोवाला नव्हे. चिकोडी भागात साखर कारखान्याच्या पॅन स्टेशनवर (सिरप उकळून साखरेचा दाणा करतात तिथं) माझी उमेदीची वर्षं गेली, मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट म्हणून निवृत्त झालो. पण तू जे विचारायलीस ते आम्ही गळीत हंगामात दर पाळीला हातानं करायचो. फक्त आमचा दाणा मिलिमीटरचा, तुझा नॅनोमीटरचा. नियम दोन्हीकडं तोच, म्हणून लिहितो. वरच्या भाऊंचं बरोबर आहे, पण त्यांनी फार घाईत आटोपलं.

अतिसंपृक्त (सुपरसॅच्युरेटेड) रसात एकाच वेळी दोन गोष्टी व्हायला बघतात. एक, नवा दाणा जन्मणं. दोन, असलेला दाणा वाढणं. दोन्ही एकाच ताटातलं खातात. पण दोघांचा उंबरठा वेगळा. वाढीला फारसं काही लागत नाही, सुपरसॅच्युरेशन एकाच्या थोडं वर गेलं की दाणा वाढायला लागतो. जन्माला मात्र बरंच वर जावं लागतं. मधला जो पट्टा आहे, जिथं जुना दाणा वाढतो पण नवा जन्मत नाही, त्याला मेटास्टेबल म्हणतात. रसायनशास्त्रज्ञ ऑस्टवाल्डनं १८९७ मध्ये हे नाव दिलं, आणि त्याच्या वरच्या भागाला लेबाइल (अस्थिर).

साखरेत या पट्ट्याचे आकडे पॅनमनलाही तोंडपाठ असतात. १.० ते साधारण १.२, इथं नुसती वाढ. १.२ ते १.३, इथं आधीपासून दाणा असेल तर त्याच्या सोबतीनं नवाही जन्मतो. १.३ च्या वर गेलास की आपोआप, न विचारता, सगळीकडं. आमचं सगळं कसब पहिल्या पट्ट्यात राहण्याचं. सिरप व्हॅक्यूममध्ये ६०-६५ अंशांवर उकळायचं, पट्ट्यात आणायचं, आणि अल्कोहोलमध्ये दळलेल्या साखरेची स्लरी ओढून घ्यायची. तिच्यातला कण पाच-दहा मायक्रॉनचा. पुढं एकच काम: जेवढे दाणे घातलेत तेवढेच वाढवायचे, एकही नवा होऊ द्यायचा नाही. जुने पॅनमन अंगठा आणि बोटात सिरप धरून तार किती लांब येते त्यावरून सांगायचे, आता सोडा स्लरी. मीटर नंतर आले. काही जणांची तार मीटरपेक्षा खरी निघायची, हे मी बघितलंय.

आणि चुकलं की काय होतं? रात्रपाळी, वाफ जास्त उघडलेली, व्हॅक्यूम अचानक चढला, तापमान घसरलं. सुपरसॅच्युरेशन १.३ ओलांडून गेलं. काचेच्या पट्टीवर प्रूफ (पॅनमधला नमुना) घेऊन दिव्यासमोर धरली की आधीच्या ठसठशीत दाण्यांच्या मधे पिठासारखी धूळ. त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात. ती धूळ सेंट्रिफ्यूगलच्या जाळीत बसते, मळी निघत नाही, आणि जी बारीक साखर जाळीतून जाते ती मळीबरोबर गेली म्हणून समज. मग पाणी मारायचं, धूळ विरघळवायची, आणि तासभर मागं जायचं. सकाळी चीफ केमिस्टचं तोंड बघवत नाही.

आता तुझ्या ब्युरेटकडं ये. तुला वाटतंय की हळू घातलं म्हणून तू खालच्या पट्ट्यात आहेस. पूर्ण बीकरची सरासरी काढलीस तर असशीलही. पण रसायनाला सरासरी कळत नाही. कॉस्टिकचा थेंब जिथं पडतो तिथं, मिसळून जायच्या आधी, सुपरसॅच्युरेशन आभाळाला टेकलेलं असतं. तिथं नवे दाणे जन्मतात. स्टरर त्यांना बाकीच्या द्रावणात पसरवतो, तिथं ते शांतपणे वाढत राहतात. तोवर पुढचा थेंब. तासभर तू दर थेंबाला फॉल्स ग्रेन करत होतीस. पहिल्या मिनिटाचे दाणे तासभर वाढलेले, शेवटच्या मिनिटाचे कालचं बाळ. तुझ्या खानापूरकडं धूळवाफ पेरणी एकाच आठवड्यात उरकतात ना, म्हणून रान एकसारखं दिसतं. महिनाभर मूठमूठ पेरत बसलं तर एका वाफ्यात लोंबी आणि शेजारी कोंब. फोटोत तुला तेच दिसलं.

मैत्रिणीनं एकदम ओतलं. सगळं बीकर एकदम लेबाइलमध्ये गेलं, जन्मायचे ते सगळे एका झटक्यात जन्मले, त्यांनीच सगळा माल खाल्ला, आणि सुपरसॅच्युरेशन धाडकन खाली आलं. मग नवा जन्म बंद. लामेरच्या आलेखातली ती टेकडी हीच. टेकडी किती उंच हे सगळे शिकवतात. ती किती अरुंद, हे माझ्या मते जास्त महत्त्वाचं. एकसारखेपणा तिच्या रुंदीवर ठरतो, उंचीवर नव्हे.

"माल तेवढाच, मग सुपरसॅच्युरेशन वेगळं कसं?" हा तुझा प्रश्न चांगला आहे. सुपरसॅच्युरेशन म्हणजे तू एकूण किती घातलंस ते नव्हे. या क्षणाला विरघळलेलं, अजून न खाल्लेलं किती आहे, ते. थेंबथेंबवाल्या बीकरात जे पडेल ते जुने दाणे लगेच गिळतात, म्हणून शिल्लक कधी साठत नाही. हिशोबातलं एकूण आणि हातातली शिल्लक यात तू गल्लत करायलीस.

आणि एक गणित स्वतः कर, आवडेल तुला. माल तेवढाच असेल तर आकार ठरतो तो दाण्यांच्या संख्येवर, आणि तोही घनमुळानं. ३५ ला साडेचौदानं भाग, घन कर. चौदाच्या आसपास येईल. म्हणजे तिच्या बीकरात तुझ्यापेक्षा चौदापट दाणे जन्मले. आमच्याकडं हेच गणित उलटं: पाच मायक्रॉनचा दाणा एक मिलिमीटरचा करायचा म्हणजे लांबी २०० पट, वजन ८० लाख पट. चाळीस टन दाण्याला कागदावर पाच ग्रॅम साखरेचं बी पुरतं. प्रत्यक्षात कितीतरी जास्त लागतं, कारण सगळं बी जगत नाही. पण नवख्या केमिस्टला हा आकडा सांगितला की तो स्लरीची बाटली जपून धरायला लागतो.

खानापूरची_केमिस्ट:

काका, पाया पडते. सरासरी आणि थेंबाजवळचं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. पण मग काड्यांचं काय? उशिरा जन्मलेले दाणे लहान राहतील हे पटलं. काही दाणे लांबच का झाले?

टिळकवाडी_पीएचडी:

काकांनी सगळ्यात अवघड भाग सोपा केलाय. मी आकडे आणि काड्या बघतो.

आधी आकडे. क्रांतिक त्रिज्या, म्हणजे ज्याच्या खाली कण पुन्हा विरघळतो आणि ज्याच्या वर वाढतो ती त्रिज्या. सूत्र तुझ्याकडं आहे: दोन गुणिले पृष्ठऊर्जा गुणिले एका रेणूचं आकारमान, भागिले बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान गुणिले सुपरसॅच्युरेशनचा नैसर्गिक लॉग. झिंक ऑक्साइडची घनता ५.६ धर, रेणूमागं आकारमान ०.०२४ घन नॅनोमीटर येतं. पृष्ठऊर्जा ०.१ जूल प्रति चौरस मीटर धरू या (हा अंदाज आहे, पृष्ठभागावर काय चिकटलंय त्यावर बराच हलतो) आणि तापमान २५ अंश. सुपरसॅच्युरेशन २ असेल तर क्रांतिक त्रिज्या १.७ नॅनोमीटर, १० असेल तर ०.५, १०० असेल तर ०.२५.

त्रिज्येतला फरक फार वाटत नाही. पण जन्मासाठी चढायचा ऊर्जेचा घाट बघ. बोल्ट्झमन-तापमानाच्या एककात तो २ ला २९०, १० ला २६, १०० ला साडेसहा. आणि जन्माचा वेग या आकड्याच्या ऋण घातांकावर चालतो. २९० चा घाट विश्वाच्या वयातही कुणी चढणार नाही, साडेसहाचा कुणीही चढेल. काकांचा उंबरठा तो हाच. उतार एवढा खडा आहे की प्रत्यक्षात तो भिंतीसारखा वागतो. वाढीचा वेग मात्र सुपरसॅच्युरेशनबरोबर साधारण सरळ किंवा वर्गात वाढतो. म्हणूनच दोघांचे पट्टे वेगळे दिसतात.

आता एक्स्टर्नलचा आकडा. झिंक आणि हायड्रॉक्साइड आयनांच्या संहतीचा गुणाकार, हायड्रॉक्साइडचा वर्ग करून, भागिले विद्राव्यता गुणाकार (संपृक्त द्रावणातला तोच गुणाकार). झिंक हायड्रॉक्साइडसाठी तो २५ अंशांना १० च्या उणे १७ व्या घाताच्या घरात असतो. झिंक ०.१ मोलर आणि पीएच ८ धरलास तर उत्तर दहा हजारच्या आसपास. आता मैत्रिणीचं बघ: मिसळल्या क्षणी, काहीच अवक्षेप पडलेला नाही असं समजून, झिंक ०.०५ आणि हायड्रॉक्साइड ०.१ धर. उत्तर ५ वर तेरा शून्यं. हा आकडा सूत्रात घातला तर क्रांतिक त्रिज्या अणूपेक्षाही लहान येते. म्हणजे तिथं हे सूत्र लंगडं पडलं. एवढ्या वर न्यूक्लिएशनला घाटच उरत नाही, वेग ठरतो तो फक्त मिसळण्यावर. म्हणून एक्स्टर्नलला एकच आकडा सांगू नकोस. पीएच अमुक असताना बीकरातलं सरासरी मूल्य इतकं, आणि थेंबाजवळचं मिसळण्याच्या वेगावर, असं सांग.

काड्या. झिंक ऑक्साइडचा स्फटिक षट्कोनी, त्याच्या उभ्या अक्षाची टोकं ध्रुवीय, आणि तिकडची वाढ सगळ्यात वेगवान. सुपरसॅच्युरेशन कमी असलं की वेगवान बाजूच पुढं जाते, बाकीच्या बाजू जवळपास थांबतात. फार जास्त असलं की सगळीकडं नवे थर बसतात आणि आकार गोलसर राहतो. अगदी कमी सुपरसॅच्युरेशनला स्फटिक वाढतोच कसा, हे बरीच वर्षं कोडं होतं. गुळगुळीत पृष्ठावर नवा थर सुरू व्हायचा तर तिथंही छोटा न्यूक्लिएशनचा घाट असतो, आणि त्या हिशोबानं पंचवीस-पन्नास टक्के तरी जादा संहती लागायला हवी. प्रयोगात मात्र आयोडिनचे स्फटिक एक टक्क्याच्या आसपासही वाढत होते. १९५१ मध्ये बर्टन, कॅब्रेरा आणि फ्रँक यांनी उत्तर दिलं: स्फटिकातल्या स्क्रू दोषामुळं पायरी कधी संपतच नाही, थर जिन्यासारखा फिरत राहतो.

तुझ्या बीकरात काड्यांना आणखी एक कारण असणार. थेंबथेंब घालताना सुरुवातीला पीएच कमी, तेव्हा पडतो तो बहुधा हायड्रॉक्साइड किंवा ॲसिटेट अडकलेला थरांचा क्षार. ऑक्साइड नंतर, त्याच्या विरघळण्यातून. म्हणजे ऑक्साइडला माल पुरवणारा हायड्रॉक्साइड. दोघांच्या विद्राव्यतेतला फरक थोडाच, म्हणून ऑक्साइडच्या दृष्टीनं सुपरसॅच्युरेशन सतत कमी, पण कधी न संपणारं. काड्यांना तेच हवं असतं. मुद्दाम काड्या करणारे हेक्सामिन वापरतात, ते ९० अंशांवर हळूहळू अमोनिया सोडतं. काकांच्या पॅनमध्ये सिरप ओढत राहण्याचं तेच तत्त्व.

पीएचकडं डोळा ठेव. झिंक उभयधर्मी आहे, आम्लातही विरघळतं आणि कॉस्टिकमध्येही. दहाच्या आसपास विद्राव्यता सगळ्यात कमी, पुढं कॉस्टिक वाढवलंस की झिंकेट होऊन परत विरघळायला लागतं. जास्त कॉस्टिक म्हणजे जास्त सुपरसॅच्युरेशन, हे एका टप्प्यापर्यंतच खरं.

आणि तासभर ६० अंशांवर ठेवल्यावर लहान कण जगत नाहीत. त्याच गृहीतकांवर २ नॅनोमीटर त्रिज्येच्या कणाची विद्राव्यता मोठ्या स्फटिकाच्या १.८ पट, ५ ची १.२६ पट, २० ची १.०६ पट. लहान विरघळतो, त्याचा माल मोठ्यावर बसतो. यालाही ऑस्टवाल्डचंच नाव. मैत्रिणीनं ओतल्यावर किती वेळ गरम ठेवलं ते विचार. लगेच गार केलं असेल तर १५ चं अर्धं श्रेय त्याला.

एकसारखे आणि लहान हवेत तर जन्म आणि वाढ वेगळे करणं, हाच मार्ग. १९९३ मध्ये मरे, नॉरिस आणि बावेंडी यांनी कॅडमियम सेलेनाइडसाठी गरम द्रवात थंड कच्चा माल एकदम सुईनं सोडला. टेकडी क्षणात वर, आणि थंड मालानं तापमान पडल्यामुळं क्षणात खाली. क्वांटम डॉटसाठी (असेच काही नॅनोमीटरचे अर्धवाहक स्फटिक) बावेंडींना ब्रूस आणि एकिमोव्ह यांच्याबरोबर २०२३ चं नोबेल मिळालं, त्यात या पद्धतीचा वाटा मोठा. लामेरचा आलेख मात्र सगळीकडं देव्हाऱ्यात बसवू नये. सायट्रेटनं सोन्याचे कण करतात तिथं आधी लहान कण एकमेकांत मिसळून मोठे होतात असं एक्स-रेनं दिसलंय. मैत्रिणीचे चिकटलेले दाणेही त्याच वाटेवरचे असू शकतात.

यमनापूरकर:

एक स्थानिक भर. आपल्या यमनापूरला हिंडाल्कोत बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढतात, ती बायर पद्धत. सोडियम ॲल्युमिनेटचा लिकर (द्रावण) अतिसंपृक्त असतो, पण बी घातल्याशिवाय लवकर काही पडत नाही. म्हणून आधीच्या खेपेचा बारीक हायड्रेट (ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे कण) भरपूर परत घालतात, आणि तरी हळूहळू गार करत कित्येक तास जातात. बायरचं मोठं पाऊल म्हणजे १८८० च्या दशकातलं हे बी टाकणं. पीएचडी साहेबांचा २९० चा घाट कसा वागतो ते बघायचं तर इथं बघा.

खानापूरची_केमिस्ट:

मैत्रिणीला विचारलं. ओतल्यावर दहा मिनिटांत बर्फात ठेवलं होतं. म्हणजे तोही भाग आहेच.

आता तीन बीकर करते. एक थेंबथेंब, एक एकदम, आणि एक एकदम ओतून तासभर गरम. म्हणजे मिसळण्याचा परिणाम आणि तासाभराचा परिणाम वेगळे दिसतील. बरोबर ना? आणि काका, ब्युरेटचं टोक कुठं ठेवू?

पॅनवाले_काका:

बरोबर. चौथा पण कर, जमलं तर: थेंबथेंबच, पण आधी मैत्रिणीचे धुतलेले दाणे चिमूटभर बी म्हणून घालून. आणि कॉस्टिक निम्म्यानं पातळ कर, म्हणजे थेंबाजवळ कमी चढेल. नवे दाणे कमी झाले तर आकार वाढलेला पण एकसारखा मिळेल. आमची पद्धत तुझ्या बीकरात चालते का, मलाही बघायचंय.

टोक द्रावणाच्या आत, स्टररच्या भोवऱ्यालगत बुडव. वरून पडणारा थेंब पृष्ठावर पसरतो आणि मिसळायला वेळ लावतो. स्टररचा फिरता मणी मोठा घे, फिरणं सगळ्या बीकरांना सारखं ठेव. आणि दर मिनिटाला पीएच लिही.

टिळकवाडी_पीएचडी:

पीएच लिहिताना मीटर ६० अंशांच्या बफरनं (ज्याचा पीएच आधीच माहीत आहे असं द्रावण) जुळवून घे, नुसतं तापमानाचं बटण फिरवू नकोस. ६० अंशांना पाण्याचा आयन गुणाकार वेगळा असतो, उदासीन पीएच ७ नसून ६.५ च्या आसपास. बाराच्या वर साधा काचेचा इलेक्ट्रोड सोडियममुळं कमी दाखवतो, त्यामुळं कॉस्टिकच्या शेवटच्या भागातल्या आकड्यांवर सुपरसॅच्युरेशन काढू नकोस. चौथ्या बीकरचं बी वाळवू नको, ओलंच घाल. वाळवलेले दाणे गठ्ठे होऊन बसतात आणि मग बी किती घातलं याचा हिशोबच राहत नाही.